गाणे पाठ, शब्द सपाट?

'बारा सत्ते किती?' असे एखाद्या मुलाला अचानक विचारून पाहावे. पाढा नुसता पाठ असलेले मूल क्षणभर गप्प राहते, मग त्याचे ओठ हलू लागतात, आणि 'बारा एके बारा'पासून निघालेली गाडी चौऱ्याऐंशीवर येऊन थांबते. त्याला उत्तर येत नव्हते असे म्हणता येणार नाही. पण ते त्याला सुटे मिळत नव्हते. साखळीच्या सातव्या कडीला बांधलेले होते. लहान मुलांना परकी भाषा गाण्यांतून शिकवण्याच्या पद्धतीचा विचार करताना आम्हाला हा पाढा वारंवार आठवतो.

इंग्लंडमधील सरकारी प्राथमिक शाळांत सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक परकी भाषा शिकवणे सप्टेंबर २०१४ पासून बंधनकारक झाले. बहुतेक शाळांनी फ्रेंच निवडली. गाणी व बडबडगीते यांच्या साहाय्याने मुलांनी भाषेतले ध्वनी ओळखावेत आणि शब्दाचे लेखन, उच्चार व अर्थ यांची सांगड घालावी, अशी अपेक्षा तिथल्या अभ्यासक्रमातच नोंदलेली आहे. आमची तक्रार अभ्यासक्रमाबद्दल नाही. गाणे वर्गात उत्साहाने होते आणि सांगड घालायची राहून जाते, याबद्दल आहे.

डोके, खांदे, गुडघे यांना हात लावत म्हणायचे अभिनयगीत घ्या. मुले ते दोन दिवसांत उचलतात. शिक्षिका खूश, पालकही खूश. आता सूर बंद करून फक्त गुडघ्यावर बोट ठेवावे आणि याला काय म्हणतात ते विचारावे. बरीच मुले मनातल्या मनात डोक्यापासून सुरुवात करतील आणि हात खाली सरकवत 'जनू'पर्यंत येतील. पाढ्याचीच गत. उलट बाजूने, म्हणजे 'जनू' हा शब्द एखाद्या साध्या वाक्यात कानावर पडला तर तो ओळखता येतो का, हे तर सहसा कोणी तपासतच नाही.

चालीचा उपयोग नाही, असा याचा अर्थ नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो विद्यापीठातील एका प्रयोगात साठ प्रौढांना अगदी अपरिचित अशा हंगेरियन भाषेतील छोटे वाक्प्रयोग शिकवले गेले. काहींनी ते नुसते बोलून, काहींनी तालात बोलून आणि काहींनी गाऊन शिकले. पंधरा मिनिटांच्या शिकण्यानंतर घेतलेल्या काही चाचण्यांत, विशेषतः हंगेरियनमध्ये बोलून दाखवण्यात, गाणारा गट सरस ठरला. मात्र हे प्रौढ होते, आणि शिकत होते ते अखंड वाक्प्रयोग, सुटे शब्द नव्हेत. अखंड ओळ लक्षात ठेवायला चाल मदत करते, एवढे यावरून म्हणता येईल. ती ओळ फोडून त्यातला शब्द दुसरीकडे वापरणे हे काम वेगळे.

फ्रेंचच्या बाबतीत आणखी काही अडचणी आहेत. 'फ्रेर जाक' हे जगभर म्हटले जाणारे गाणे पाहा. शीर्षकातल्या दोन्ही शब्दांच्या शेवटी लिहिला जाणारा स्वर रोजच्या बोलण्यात, निदान पॅरिसच्या बोलण्यात, उच्चारला जात नाही. गाण्यात मात्र चालीला चार सूर हवे असतात, म्हणून त्या दोन शब्दांचे चार तुकडे होतात. मूल जे शिकते तो गाण्यातला उच्चार असतो. त्यातला 'मातीन' हा शब्द मठात पहाटे होणाऱ्या प्रार्थनेचा. परकी भाषेच्या पहिल्या शंभर शब्दांत त्याला जागा द्यावी असे आम्हाला तरी वाटत नाही.

'आलुएत' हे दुसरे लाडके गाणे. प्रत्येक कडव्यात पक्ष्याचा एक नवा अवयव येतो आणि मागचे सगळे पुन्हा म्हटले जातात. शब्द पक्के करण्याची ही फार चांगली युक्ती आहे, शिवाय बरेच शब्द आपल्या लिंगदर्शक 'ल' किंवा 'ला'सकट येतात. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच, आपल्या मराठीहून एक कमी. पण शब्द लिंगाशिवाय शिकला तर तो अर्धाच शिकला. त्या दृष्टीने हे गाणे उत्तम. फक्त त्यात त्या बिचाऱ्या चंडोलाची पिसे उपटायची चालली आहेत, हे हसत हसत गाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते? अर्थ न कळताही गाणे रंगते, हीच त्याची खुबी आणि हाच त्याचा धोका.

नुसत्या कानावर भिस्त ठेवण्याची आणखी एक गंमत आहे. अस्वलाला फ्रेंचमध्ये 'ऊर्स' म्हणतात. पण 'एक अस्वल' म्हणताना ऐकू येते 'अँ नूर्स', आणि अनेक अस्वले असली की 'ले झूर्स'. खुद्द फ्रेंच मुलेही लहानपणी 'नूर्स' किंवा 'झूर्स' असाच शब्द असल्याचे समजतात. भाषाशास्त्रज्ञांनी अशा चुका नोंदवून ठेवल्या आहेत. फ्रेंच मुलाचा हा गैरसमज दिवसभर कानावर पडणाऱ्या भाषेने आपोआप धुऊन निघतो. आठवड्याला अर्धा तास फ्रेंच ऐकणाऱ्या मुलाला मात्र शब्द फळ्यावर दिसलाच पाहिजे.

आता खेळांकडे वळू. 'जाक सांगतो' हा खेळ सर्वांना माहीत असावा: 'जाक सांगतो' असे म्हणून दिलेली आज्ञा पाळायची, नुसती दिलेली पाळायची नाही. यामागे चांगला विचार आहे. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात आज्ञा ऐकून हालचाल करण्यावर आधारलेली भाषाशिक्षणाची पद्धत मांडली. आधी ऐकून समजणे, बोलणे सावकाश, हे तिचे सूत्र. पण वर्गात हा खेळ नीट पाहावा. निम्मी मुले शिक्षिकेकडे पाहत नाहीत, शेजाऱ्याकडे पाहतात. आणि चुकणारा बाद, हा नियम! ज्या मुलाला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, ते पहिल्याच मिनिटात भिंतीला टेकून उभे. उरलेला वेळ ज्यांना येते त्यांनाच सराव मिळतो. डोळे मिटून खेळावे आणि कोणालाही बाद करू नये, एवढ्या दोन बदलांनी हा खेळ बराच सुधारतो.

आम्हाला त्याहून आवडतो तो 'किमचा खेळ'. फ्रान्समध्येही तो याच नावाने ओळखला जातो, आणि नाव आले आहे रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ सालच्या कादंबरीवरून, जिच्यात सिमल्याच्या एका दुकानात किमला तबकातली रत्ने पाहून लक्षात ठेवायला शिकवले जाते. तबकात आठ-दहा वस्तू मांडाव्या, फडके टाकावे, गुपचूप एक काढून घ्यावी. कोणती गेली? इथे चाल नाही, क्रम नाही, शेजारी नाही. वस्तू आठवायची आणि तिचे फ्रेंच नाव स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढायचे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले. पण आठवड्यानंतर पुढे होते ते न पाहता आठवून लिहिणारे. गाणे दहाव्यांदा म्हणणे हे बरेचसे पुन्हा वाचण्यासारखे आहे.

लवकर सुरुवात केली की भाषा आपोआप येते, ही समजूतही तपासून झाली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९६४ साली आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. सुमारे १८ हजार मुलांचा मागोवा घेऊन क्लेअर बर्स्टल यांनी १९७४ साली अहवाल दिला: अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांच्या तुलनेत सोळाव्या वर्षी आठव्या वर्षीच्यांची आघाडी फक्त ऐकून समजण्यात उरली होती. या निष्कर्षावर टीकाही झाली. माध्यमिक शाळेत दोन्ही गटांना एकत्र बसवून पुन्हा पहिल्यापासून शिकवले, तर आघाडी टिकणार कशी, असे टीकाकारांनी विचारले. तो प्रश्न रास्तच होता. पण हिशेब करून पाहू. आठवड्याला अर्धा तास, वर्षाचे ३८ आठवडे, म्हणजे १९ तास. चार वर्षांत ७६ तास. फ्रान्समधले एखादे तान्हे मूल तेवढा वेळ आठवडाभरात फ्रेंचच्या सहवासात जागे असते. इतक्या थोड्या वेळात दहा-दहा मिनिटे कोणत्या गोष्टीला द्यायची, हे ठरवताना शिक्षकाने कंजूष असायला हवे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हापासून हा हिशेब आपल्याही वर्गांना लागू आहे. आपल्याकडची अभिनयगीते वाचकांनी याच कसोटीवर लावून पाहावीत.

राहता राहिले आकडे. आकड्यांची फ्रेंच बालगीते बहुधा दहावर किंवा वीसवर थांबतात, आणि खरी फजिती तर सत्तरपासून सुरू होते. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-एकोणीस'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला सरळ शब्द आहेत, पण शाळेत शिकवले जाते ते फ्रान्सचे. 'चार विसा' मोजणारी आजी ज्याने पाहिली आहे, त्या मराठी मुलाला यात नवल वाटणार नाही; इंग्रज मुलाला वाटते. यासाठी लोटो, म्हणजे आपली हाऊझी, बरी. गाणे वीसवर थांबले असेल, तर पुढच्या तासाला पिशवीत साठ ते नव्व्याण्णव एवढेच आकडे ठेवावेत.