आफ्रिकी समूहनिष्ठ तत्त्वज्ञानातील 'स्व' आणि निवडस्वातंत्र्य

समूहामुळेच माणूस व्यक्ती ठरतो, हे आफ्रिकी तत्त्वचिंतनातील सूत्र केनियाचे जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. नायजेरियाचे इफेअन्यी मेन्कीती यांनी १९८४ च्या निबंधात त्याला टोकाचे रूप दिले. त्यांच्या मते व्यक्तित्व जन्मसिद्ध नसून संपादित असते. संस्कारविधी व कर्तव्यपालन यांतून माणूस क्रमाने व्यक्ती बनतो आणि त्यात तो अपयशीही ठरू शकतो. मात्र व्यक्तित्व बहाल करणारा समूहच असेल, तर समूहाला नकार देणाऱ्याचे स्थान काय, हा प्रश्न येथे अनुत्तरित राहतो.

घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी १९९२ मध्ये 'सौम्य समूहवादा'ची भूमिका घेऊन याच प्रश्नाला हात घातला. अकान भाषेत 'ओनिपा' म्हणजे माणूस. दुर्वर्तनी माणसाला 'हा ओनिपा नव्हे' असे म्हटले जाते. ग्येक्ये यांच्या मते हा नैतिक अभिप्राय आहे; त्याने त्याचे मनुष्यत्व नाकारले जात नाही. नैतिक निर्णयाची क्षमता व्यक्तीत उपजतच असते. समाज तिला वळण देतो, पण ती निर्माण करीत नाही. म्हणूनच व्यक्ती रूढींची चिकित्सा करून त्या नाकारूही शकते.

तथापि ग्येक्येही हक्कांपेक्षा कर्तव्यांना अग्रक्रम देतात. त्यामुळे या दोन भूमिकांत वास्तविक भेद उरत नाही, असा आक्षेप बर्नार्ड मातोलिनो यांनी २००९ मध्ये घेतला. तो अंशतःच ग्राह्य आहे. व्यक्ती म्हणजे काय, याविषयी दोघांत मूलभूत अंतर आहे. संघर्षप्रसंगी व्यक्तीने काय करावे, या प्रश्नाशी मात्र ते अंतर आक्रसते.

हाच ताण विधिसंहितांतही दिसतो. १९८१ च्या मानवी व लोकहक्कविषयक आफ्रिकी सनदेत हक्कांसोबत कुटुंब व समाजाप्रती कर्तव्येही नमूद आहेत. स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या २००३ च्या मापुतो मसुद्याने विवाहासाठी दोन्ही पक्षांची मुक्त संमती आवश्यक मानली. शिवाय सांस्कृतिक धोरण ठरविण्यात सर्व स्तरांवर सहभागी होण्याचा हक्क स्त्रियांना दिला.

ही दुसरी तरतूद तात्त्विकदृष्ट्या अधिक महत्त्वाची आहे. समूहाबाहेर पडणे हा निवडीचा एकच अर्थ नव्हे. समूहाच्या रूढी कोणी ठरवाव्यात, यात वाटा मागणे हीही निवडच होय. 'स्व' नात्यांतून घडतो हे मान्य केले, तरी ती नाती बदलण्याचा अधिकार त्याला मिळाल्याशिवाय समूहनिष्ठा आणि आज्ञापालन यांतील सीमारेषा स्पष्ट होत नाही.