सिंगापुरांतील पेरानाकान घरें : रंग व पुरावा

सिंगापुरांत जू चिआत व कातोंग या शेजारच्या वस्त्यांतून पायीं हिंडून तेथील रंगीत घरें पाहण्याचा परिपाठ आतां चांगलाच रूढ झाला आहे. कून सेंग रस्त्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या घरांच्या ओळींपाशीं मंडळी थांबतात, गुलाबी, पोपटी, आकाशी रंगांची वाखाणणी होते, आणि 'हीं पेरानाकान घरें' एवढ्यावर बहुधा इतिहास आटोपतो. या परिपाठामुळें जुन्या इमारतींविषयीं आस्था उत्पन्न झाली, हा त्याचा गुण आम्हांस मान्य आहे. परंतु इतिहासाचें साधन या दृष्टीनें पाहतां त्यांत एक मोठा दोष आहे. घराचा जो भाग सर्वांत नवा, त्यालाच येथें त्याच्या प्राचीनत्वाची खूण समजण्यांत येतें.

प्रथम नांवाचा विचार करूं. मलायी भाषेंत 'अनाक' म्हणजे अपत्य. त्यावरून 'पेरानाकान' म्हणजे त्या देशींच जन्मलेल्या, परंतु मूळ परदेशी वंशाच्या लोकांची संतति. मलाक्क्याच्या सामुद्रधुनीच्या कांठीं स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या वंशांतील पुरुषांस बाबा व स्त्रियांस न्योन्या म्हणतात. त्यांच्या मलायी बोलींत होक्कियेन शब्दांचा भरणा आहे. मात्र पेरानाकान केवळ चिनीच नव्हेत. मलाक्क्याचे तमिळ वंशाचे चिट्टी हिंदु आहेत व जावी पेरानाकान मुसलमान आहेत. तेही याच नांवास पात्र होत. म्हणजे हें नांव लोकांचें आहे, नक्षीचें नव्हे. जू चिआत भागांत युरेशियन व मलायी कुटुंबेंही राहत असत. आणि ज्याच्या नांवानें ही वस्ती ओळखली जाते तो जमीनदार च्यू जू चिआत (१८५७–१९२६) स्वतः चीनमध्यें जन्मलेला होता. अशा ठिकाणीं प्रत्येक नक्षीदार घरास पेरानाकान म्हणणें ही नैयायिकांची अतिव्याप्तीच होय.

आतां घराकडे वळूं. रस्त्याकडील अरुंद दर्शन, आंत दूरवर गेलेली खोली, दोहों बाजूंस शेजाऱ्याशीं सामाईक भिंत आणि मध्यें उजेडावाऱ्यासाठीं चौक, ही या घरांची सामान्य रचना. १८२२ सालीं रॅफल्सनें नगररचनेसंबंधीं ज्या सूचना दिल्या, त्यांत विटांच्या वा कौलारू घरांपुढें सलग छायेचा मार्ग ठेवावा असें सांगितलें होतें; 'पांच फुटी वाट' म्हणून प्रसिद्ध असलेला पडवीवजा रस्ता तो हाच. कून सेंग रस्त्यावरील घरांपुढें मात्र तिच्या जागीं लहानसें अंगण आहे. अलंकरण पाहावें तर खांब युरोपीय वळणाचे, वळचणीखालील लांकडी जाळी मलायी धर्तीची, चुन्यांत उठविलेले पक्षी व फुलें बहुतांशीं चिनी संकेतांचीं. 'पिंटू पागार' हें अर्ध्या उंचीचें दार मुख्य दारापुढें असे. त्यामुळें मोठें दार उघडें ठेवूनही आंतला आडपडदा राही. चकचकीत उठावाच्या फरशा तर प्रथम इंग्लंड व युरोपांतून आणि पुढें जपानांतून येत. मग यांत बाबांचें स्वतःचें काय ? आमच्या मतें निवड व योजना हींच त्यांचीं. कोठून काय घ्यावें आणि कोठें बसवावें, हें ठरविण्यांत त्या समाजाची रुचि प्रकट झाली, आणि खरा पुरावा तोच.

रंगाची गोष्ट निराळी. जुन्या काळीं भिंतींस चुन्याची सफेती असे, तींत क्वचित् रंग मिसळीत; आणि असा हात वारंवार द्यावा लागे. आज दिसणारा रंग बहुतेक ठिकाणीं अलीकडच्या मालकाच्या आवडीचा आहे. दप्तराच्या रुमालाचा रंग पाहून आंतील कागदाचा काळ कोणी ठरवीत नाहीं. मग भिंतीचाच काय म्हणून ठरवावा? काळ सांगतात त्या फरशा, चुन्याचें काम, दारांची घडण आणि कांहीं दर्शनी भिंतींवर कोरलेलें साल. अत्यंत नक्षीदार घरें बहुधा १९०० ते १९४० या काळांतलीं आहेत. त्यांना त्याहून प्राचीन समजण्यास आधार नाहीं.

याच शहरांत नील रस्त्यावरील १५७ क्रमांकाचें 'बाबा हाउस' अधिक चांगला मार्ग दाखवितें. १८९५ च्या सुमाराचें हें घर वी बिन या जहाजमालकाच्या वंशजांकडे होतें. २००८ सालीं तें लोकांस खुलें झालें, तेव्हां त्याच्या खालच्या मजल्यांस १९२८ च्या सुमाराचें रूप दिलेलें होतें. कोणत्या काळाचें रूप हें तेथें स्पष्ट सांगितलें आहे, ही प्रामाणिकपणाची रीत होय. वरच्या मजल्याच्या जमिनींत एक भोंक आहे. आलेला पाहुणा कोण, हें आंतल्या मंडळींस त्यांतून दिसे. कुटुंबाच्या मर्यादा व सावधपणा यांविषयीं हें भोंक जितकें सांगतें, तितकें शंभर रंगीत भिंती सांगणार नाहींत.

१९८९ पासून सिंगापुरांत जुन्या वस्त्यांस संरक्षण मिळूं लागलें आणि १९९३ मध्यें जू चिआतही त्यांत आलें. कायद्यानें भिंती राखल्या. त्यांचा अर्थ राखणें हें पाहणाऱ्यांचें व दाखविणाऱ्यांचें काम आहे. तें न झाल्यास भिंती उभ्या राहतील, पण त्यांमागें कोण राहत होतें, कोणती बोली बोलत होतें, हें विस्मृतींत जाईल. म्हणून वाटाड्यांनीं प्रथम साल, मग दार, मग फरशी, मग राहणाऱ्यांचा वंश, आणि सर्वांच्या शेवटीं रंग, असा क्रम धरावा. मलायींत रंगास 'वार्ना' म्हणतात. तो आपला 'वर्ण'च. पण संस्कृतांत वर्ण म्हणजे अक्षरही, आणि अक्षर नुसतें पाहावयाचें नसतें, वाचावयाचें असतें.