शेव-उसळ आणि पंक्तीचा प्रश्न

काव्याची, नाटकाची किंवा गाण्याच्या बैठकीची समीक्षा करण्यास आपल्याकडे कोणी संकोचत नाही. परंतु बाहेर खाल्लेल्या पदार्थाविषयी कोणी गंभीरपणे लिहू लागला, तर ते त्याच्या जिव्हालौल्याचे लक्षण समजले जाते. वस्तुतः काव्याच्या सारासाठी आपण जो ‘रस’ हा शब्द वापरतो, त्याची फोड करताना भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे. तेव्हा अन्नाच्या आधाराने काव्य समजून घेणाऱ्यांनी अन्नाचीही थोडी चिकित्सा केली, तर तो मर्यादाभंग होऊ नये. प्रस्तुत लेखाचा विषय बडोद्याची शेव-उसळ हा आहे.

मांजलपूर हे बडोद्याच्या दक्षिणेकडील एके काळचे खेडे. शहराने ते आता आपल्या पोटात घेतले आहे. दांडिया बाजारातली जुनी मराठी वस्ती गायकवाडी अमदानीबरोबर आली; मांजलपुरातली पुष्कळशी मराठी बिऱ्हाडे मकरपुऱ्याच्या कारखान्यांमागून आली. सायंकाळी तुळशीधाम चार रस्त्यांच्या बाजूने निघालो, की हातगाड्यांवरील पातेल्यांची वाफ दिसू लागते. कामावरून परतणारा मनुष्य तेथे उभ्याने जे खातो, त्याला गुजराती माणूस ‘सेव-उसळ’ म्हणतो आणि मराठी माणूस ‘शेव-उसळ’.

पदार्थाची रचना साधी आहे. भिजवून शिजविलेले सुके पांढरे वाटाणे, कांदा-लसूण-मिरचीचा पातळ रस्सा, वर मूठभर जाड शेव, चिरलेली कांद्याची पात, लिंबाची फोड आणि सोबत पाव. लाल तरी निराळ्या भांड्यात असते. ती ज्याने त्याने आपल्या प्रकृतीच्या मानाने घ्यावी. हिवाळ्यात ओल्या लसणीची पात पडली, म्हणजे बशीला एक वेगळेच तेज चढते. चांगली बशी कोणती, हेही सांगता येते. वाटाण्याचे साल शाबूत असावे, परंतु जिभेने दाबताच दाणा विरघळावा. रश्श्याला दाटपणा यावा तो वाटाण्याच्या अंगचा. तरीची लाली तेलात परतलेल्या मिरचीची असावी, रंगाच्या पुडीची नसावी. आणि शेव दोन हप्त्यांनी पडावी, म्हणजे पहिली भिजून रश्श्याशी एकजीव होते आणि दुसरी दाताखाली कुरकुरते. या कसोट्यांवर मांजलपुरातील काही गाड्या पूर्ण उतरतात. काही ठिकाणी मात्र तेलाचा तवंग आणि शेवेचा ढीग यांखाली मूळ उसळ शोधावी लागते. शेवेची उदारता हा येथला मोठा दोष आहे. कारण रश्श्याचे उणेपण ती झाकून टाकते.

या पदार्थावर मराठी शुद्धिवाद्यांचा पहिला आक्षेप असा, की मोड न आलेल्या कडधान्याला उसळ म्हणावे कसे? पुण्या-कोल्हापूरच्या मिसळीत मोड आलेली मटकी असते, येथे तर नुसता भिजविलेला वाटाणा! हा आक्षेप घेणाराने एकदा गोव्यात सकाळी हॉटेलात बसून पाहावे. पणजीच्या कॅफे ताटो किंवा कॅफे भोसले यांसारख्या ठिकाणी पावाबरोबर जी पातळ भाजी येते, तिच्यात सुका वाटाणा सर्रास असतो, आणि तेथला कोकणी मनुष्य मोडांची चौकशी करीत नाही. घरी तोणाक करताना नारळाचे वाटण घालणारा हाच मनुष्य हॉटेलातल्या पातळ रश्श्याला नावे ठेवीत नाही. हॉटेलच्या पाककलेचे नियम घरच्याहून निराळे असतात. तिथे पदार्थ दिवसभर टिकला पाहिजे, शेकडोंना पुरला पाहिजे आणि मजुराच्या खिशाला परवडला पाहिजे. सुका वाटाणा या तिन्ही अटी पाळतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो म्हणतो, की हे सारे परकेच : पाव पोर्तुगीजांचा, मिरची समुद्रापलीकडची, शेव गुजरातची, यात आपले काय? हे खरे आहे. कोलंबसाच्या माणसांना १४९२ नंतर कॅरिबियन बेटांवर मिरची भेटली. पुढे पोर्तुगीज गलबतांनी ती आपल्या किनाऱ्याला आणली आणि कोकणीने तिला ‘मिरसांग’ म्हणून घरात घेतले. परंतु त्याच समुद्रावरून उलट दिशेने काय गेले, तेही पाहावे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज हिंदी करारबद्ध मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोचले. आज त्या बेटाच्या पोर्ट ऑफ स्पेन या बंदरात रस्तोरस्ती ‘डबल्स’ नावाचा पदार्थ मिळतो : तळलेल्या दोन मऊ ‘बाऱ्यां’मध्ये मसालेदार ‘चन्ना’. मजुरांच्या कित्येक वंशजांची मूळ भाषा बोलण्यातून गेली, पण हे दोन शब्द राहिले; आणि ते तेथे आफ्रिकी, चिनी, युरोपीय अशा सर्वांच्या तोंडी आहेत.

बडोद्याच्या ‘उसळ’ या शब्दाची कथा याहून फार निराळी नाही. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० मध्ये ते गुजरातेत गेले. दरबार गेला, मोडीचे दफ्तर कपाटात गेले. २०१८ मध्ये एक्क्याण्णवावे साहित्य संमेलन येथे भरले, तरी मुले मराठी बोलतात पण वाचीत नाहीत, ही तक्रार घरोघर ऐकू येतेच. अशा स्थितीत ज्याच्या घरी मराठीचा गंध नाही, असा मनुष्य रोज सायंकाळी गाडीपुढे उभा राहून एक मराठी शब्द उच्चारतो. जे आपण घरात जपले त्यातले पुष्कळ झिजले. जे बाजारात सर्वांना वाटले ते टिकले.

याच्या उलट अनुभवही सांगणे प्राप्त आहे. शहरातील एका भोजनगृहात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, ‘खास महाराष्ट्रीय थाळी’ म्हणून जे वाढले गेले, त्यात आमटीला गोडा मसाला नव्हता आणि कोकमही नव्हते; गूळ मात्र मुबलक होता. भिंतीवर पैठणीचे चित्र होते. शेव-उसळ आपला संकर लपवीत नाही, नावातच सांगून टाकते. ती थाळी मात्र शुद्धतेची पाटी लावून ग्राहकाला फसवीत होती. समीक्षकाने रोष धरावा तो या दुसऱ्या प्रकारावर.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या प्रश्नाकडे वळतो. आपण देवळाशी बांधलेली माणसे. आमचे वडीलधारे प्रवासात बाहेरचे खात नसत. दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या बरोबर नेत. त्या नेमामागील निग्रहाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु याच बडोद्यात सप्टेंबर १९१७ मध्ये, महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर नोकरीवर रुजू होण्यास उतरले, तेव्हा एकाही हिंदू वीशीत त्यांना जागा मिळण्यासारखी नव्हती. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. मग कामाटी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या वीश्यांच्या सोवळ्याचे आपण कौतुक करतो, त्यांच्या दाराशी हा इतिहास उभा आहे.

म्हणून मांजलपूरच्या गाडीची परीक्षा करताना वाटाणा, तरी आणि शेव यांपलीकडे आणखी एक कसोटी लावली पाहिजे. तेथे कोणी कोणाचे नाव-गाव विचारीत नाही. बशी हातात येते ती आलेल्या क्रमाने. समाराधनेच्या पंक्तीत देवापुढे सर्व सारखे, असे आपण म्हणतो; ते आपल्या देवळांच्या पंक्तीत कितपत खरे आहे, हे प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन पाहावे. पदार्थ म्हणून बडोद्याची शेव-उसळ सामान्यतः चांगली आहे, क्वचित उत्तम आहे, आणि शेव कमी पडली तर अधिक चांगली होईल. पंगत म्हणून ती आपल्या पुष्कळ पंगतींपेक्षा पुढे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.