कूट आणि ध्वनी : ब्रिटिश जाहिरात व दृश्यकला यांमधील सीमारेषेविषयी

डेव्हिड लॉज यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'नाइस वर्क' या कादंबरीत एका जाहिरातीवरून झालेला वाद आहे. विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारी रॉबिन पेनरोझ आणि कारखान्याचा व्यवस्थापक व्हिक विल्कॉक्स मोटारीतून जात असताना 'सिल्क कट' या सिगारेटचा भव्य फलक त्यांच्या दृष्टीस पडतो. जांभळ्या रेशमी कापडाला गेलेली एक चीर, एवढेच त्या चित्रात आहे. रॉबिन चिन्हमीमांसेच्या अंगाने त्याचा अर्थ लावते. रेशीम आणि छेद मिळून उत्पादनाचे न लिहिलेले नाव तयार होते; शिवाय ते वस्त्र आणि तो छेद स्त्रीदेहाचे व हिंसेचे रूपक ठरतात. व्हिकला हा सारा मनाचा विकार वाटतो. त्याच्या लेखी ते फाटलेले कापड आहे, दुसरे काही नाही. त्यावर रॉबिन मार्लबरोच्या जाहिरातीतील काउबॉयचा दाखला देऊन रूपक आणि मेटॉनिमी, म्हणजे साहचर्यावर आधारलेली लक्षणा, यांतील भेद त्याला समजावून देते. रोमान याकोबसन यांच्याकडून आलेल्या या भेदावर लॉज यांनी 'द मोड्स ऑफ मॉडर्न रायटिंग' (१९७७) या ग्रंथात आपली कादंबरीविषयक मांडणी उभी केली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

चिन्हमीमांसा समजावून देण्यासाठी हा प्रसंग अतिशय सोयीचा आहे. परंतु त्यात दडलेला एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. सिगारेटच्या जाहिरातीचे वाचन रॉबिन ज्या पद्धतीने करते, त्याच पद्धतीने ती एखाद्या कवितेचे वा चित्राचेही वाचन करू शकेल आणि ते तितकेच समृद्ध ठरेल. तसे असेल, तर या दोन संहितांमध्ये काही भेद आहे की नाही, हे सांगण्याचे साधन तिच्या पद्धतीत आहे काय? विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतील ब्रिटिश दृश्यसंस्कृतीने हा प्रश्न जितक्या तीव्रतेने उभा केला, तितका तो क्वचितच कोठे उभा राहिला असेल. प्रस्तुत लेखात काही निवडक उदाहरणांच्या आधारे त्याची तपासणी करावयाची आहे.

प्रथम या निःशब्द जाहिरातीची पूर्वपीठिका पाहू. ब्रिटनमध्ये सिगारेटच्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर १९६५ साली बंदी आली. छापील जाहिरातींवरील निर्बंधही पुढे क्रमाने वाढत गेले. धूम्रपानाचा संबंध प्रतिष्ठा, पौरुष, यश यांच्याशी जोडावयाचा नाही, असे ठरल्यावर जाहिरातदाराजवळ म्हणण्यासारखे फारसे काही उरले नाही. या अडचणीतून वाट काढण्यासाठी कॉलेट डिकिन्सन पिअर्स या संस्थेने १९७७ च्या सुमारास 'बेन्सन अँड हेजेस'साठी अतिवास्तववादी चित्रकलेचा आश्रय घेतला. उंदराच्या बिळापाशी सोनेरी पाकीट ठेवलेले, अशा प्रकारच्या त्या प्रतिमा होत्या. त्यांतील काही छायाचित्रे ब्रायन डफी यांनी घेतली. रने मॅग्रीटच्या चित्रांशी परिचय असणाऱ्याला त्यांचे कुळ ओळखण्यास वेळ लागत नसे. ऐंशीच्या दशकात साची अँड साची या संस्थेने 'सिल्क कट'साठी याच मार्गावर पुढचे पाऊल टाकले आणि पाकीटसुद्धा चित्रातून काढून टाकले. चिरलेल्या रेशमामागे लुचो फोंताना या चित्रकाराने १९५८ पासून कॅनव्हासला दिलेल्या छेदांची स्मृती आहे, हे उघड आहे.

या जाहिरातीत वाचता येण्याजोगे शब्द कोणते होते? नाव नाही, घोषवाक्य नाही. होता तो फक्त तळाशी छापलेला आरोग्यविषयक इशारा. चित्र सिगारेटचे आहे हे पाहणाऱ्याला त्या इशाऱ्यावरून कळे. ज्या वाक्याने ग्राहकाला परावृत्त करावयाचे, तेच वाक्य जाहिरातीची स्वाक्षरी होऊन बसले. प्रतिमेच्या अनेक संभाव्य अर्थांना भाषिक मजकूर एका जागी स्थिर करतो, अशी मांडणी रोलाँ बार्थ यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात केली आणि त्या कार्याला नांगराची उपमा दिली. 'सिल्क कट'ने हा नांगर शासनाकडून उसना घेतला, असे म्हणावे लागेल.

अशा रचनेचे वर्णन करण्यासाठी आपल्या काव्यशास्त्रात नेमकी संज्ञा उपलब्ध आहे. ती म्हणजे प्रहेलिका किंवा कूट. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले असून तिचे तीन उपयोगही नोंदवले आहेत. मनोरंजनासाठी जमलेल्या मंडळीत विनोद साधणे, गर्दीत जाणकारांनी आपापसांत गुप्तपणे बोलणे आणि दुसऱ्याला संभ्रमात टाकणे, असे ते तीन उपयोग होत. आधुनिक जाहिरातीच्या कार्याची ही यादी जणू आगाऊ करून ठेवलेली आहे. रस्त्यावरच्या हजारो लोकांपैकी ज्याला कोडे सुटेल त्याला आपण जाणकारांत मोडतो असे वाटावे, निर्बंध घालणाऱ्या यंत्रणेला आक्षेप घेण्यास जागा सापडू नये आणि हे सर्व गंमतीच्या रूपाने घडावे, हाच तिचा उद्देश असतो. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रहेलिका रसाला बाधक ठरते म्हणून तिला अलंकाराचा दर्जा नाकारला. हा निर्णय केवळ अभिरुचीचा नाही. कोड्याचे उत्तर सापडले की कोड्याची शब्दरचना निकामी होते, असे त्यामागील तत्त्व सांगता येईल. 'सिल्क' आणि 'कट' हे दोन शब्द मनात उमटले की पुन्हा त्या रेशमाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच संस्थेला दर काही महिन्यांनी नवे चित्र द्यावे लागे. हिचकॉकच्या 'सायको'ची आठवण करून देणारा न्हाणीघरातला चिरलेला जांभळा पडदा हे असेच एक नवे कोडे होते. त्याचे उत्तर मात्र तेच होते.

ध्वनीची गोष्ट निराळी आहे. आनंदवर्धनाने वाच्य आणि व्यंग्य यांच्या संबंधासाठी दिव्याचा दृष्टान्त योजला आहे. दिवा घटाला प्रकाशित करतो, पण तेवढ्याने स्वतः विझत नाही. व्यंग्यार्थाची प्रतीती झाल्यावरही वाच्यार्थ कायम राहतो आणि पुनःपुन्हा आपल्याला स्वतःकडे बोलावतो. उकल आणि अन्वय यांतील हा भेद लक्षात घेतला, तर रॉबिनच्या वाचनातील उणीव ध्यानात येते. चित्रातील अर्थांची मोजदाद ती उत्तम करते. परंतु ते सर्व अर्थ शेवटी कोणत्या दिशेने वाहत जातात, याचा विचार ती करीत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की जाहिरातीचे कोडे सोडवण्यातही आनंद असतो व आनंद म्हटला की तो सौंदर्यानुभवच. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. जूडिथ विल्यमसन यांनी 'डिकोडिंग अॅडव्हर्टाइझमेंट्स' (१९७८) या ग्रंथात त्याला पुरेसे उत्तर दिलेले आहे. जाहिरात वाचकाकडून काम करवून घेते. रिकाम्या जागा आपण भरतो आणि त्या भरताना जाहिरातीला हवा असलेला वाचक आपण स्वतःच्या ठायी घडवतो, असे त्यांचे विवेचन आहे. म्हणजे येथील आनंद हा आपल्या चातुर्याच्या प्रत्ययाचा आहे. तो खरा आहे, पण त्याचा विषय चित्र नसून आपण स्वतः असतो.

आता कलेच्या बाजूकडे वळू. जाहिरातीने कलेची भाषा उचलली, त्याच काळात काही कलावंतांनी जाहिरातीची भाषा उचलली. व्हिक्टर बर्गिन यांनी १९७६ साली न्यूकॅसल शहराच्या भिंतींवर 'पझेशन' या भित्तिपत्रकाच्या ५०० प्रती लावल्या. आलिंगनात असलेले एक देखणे जोडपे, वर 'मालकी' या शब्दाचा तुमच्या लेखी अर्थ काय असा प्रश्न, आणि खाली लोकसंख्येच्या ७ टक्के लोकांकडे ८४ टक्के संपत्ती असल्याचे विधान, अशी त्याची रचना होती. इंग्रजीतील त्या एका शब्दात प्रेमातला ताबा आणि संपत्तीची मालकी हे दोन्ही अर्थ असल्याने श्लेष साधतो. या कृतीचा राजकीय हेतू वंदनीय आहे. तरीही रचनेच्या दृष्टीने पाहता ती जाहिरातीचा आरसा आहे. येथेही चित्र शब्दाच्या अधीन आहे. खालचे विधान वाचले की जोडप्याचे काम संपते. ब्रँडच्या जागी बोध आला, कूट मात्र कूटच राहिले.

याउलट जिलियन वेअरिंग यांची १९९२-९३ मधील छायाचित्रमाला पाहावी. लंडनमधील रस्त्यांवर भेटलेल्या अनोळखी लोकांना त्यांनी कोरा कागद दिला आणि त्या क्षणी मनात असेल ते लिहून तो हातात धरण्यास सांगितले. दुसऱ्याने बोलायला लावलेले फलक नव्हेत, तर स्वतःला बोलावेसे वाटते ते बोलणारे फलक, अशा आशयाचे लांबलचक शीर्षक त्यांनी मालेला दिले. त्यातील सर्वपरिचित चित्रात सूट घातलेला एक तरुण मंद हसत उभा आहे आणि त्याच्या हातातील कागदावर आपण हताश असल्याचे त्याने लिहिले आहे. येथेही शब्द आहेत, तेही चित्राच्या आतच. पण हा शब्द चेहऱ्याला स्थिर करीत नाही. हसू खोटे मानावे की लेखन? की दोन्ही खरी? कागद वाचून आपण चेहऱ्याकडे जातो, चेहऱ्यावरून पुन्हा कागदाकडे येतो, आणि हे येणेजाणे कोठेही थांबत नाही. शिवाय अनोळखी माणसाच्या मनातले वाचल्याचा संकोच पाहणाऱ्याला वाटतो. त्याच्या चातुर्याला येथे वाव नाही. त्याच्यावर एक जबाबदारी मात्र येऊन पडते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात फोक्सवॅगन मोटारीच्या एका जाहिरातपटात माणसे अशीच हातात फलक धरून अवतरली. आपली कल्पना उचलल्याची तक्रार वेअरिंग यांनी केली. कल्पनेच्या मालकीचा हा वाद बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते रचनेत झालेले स्थित्यंतर. वरून एक दिसणारा माणूस आतून वेगळा असतो, हे तेथे सूत्र बनले आणि मोटार त्या सूत्राचे उत्तर झाली. चेहरा आणि शब्द यांतील न मिटणारे अंतर तीस-चाळीस सेकंदांत मिटवण्यात आले. ध्वनीचे कूट कसे होते याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक दुसरे सापडणे कठीण.

हा भेद कायद्याला करता येत नाही, हेही याच सुमारास स्पष्ट झाले. मेहदी नोरोझियान यांच्या १९९२ च्या 'जॉय' या लघुपटात स्थिर कॅमेऱ्यासमोरचे नृत्य तुकड्यातुकड्यांनी जोडून प्रत्यक्षात अशक्य अशा हालचाली निर्माण केल्या होत्या. १९९४ मध्ये गिनेस बियरच्या जाहिरातपटात ग्लासातील फेस बसण्याची वाट पाहणारा माणूस तशाच पद्धतीने नाचला. १९९९ साली अपील न्यायालयाने लघुपट ही नाट्यकृती ठरू शकते हे मान्य केले, परंतु शैली आणि तंत्र यांतील साम्य म्हणजे कृतीची नक्कल नव्हे, असा निर्वाळा देऊन दावा फेटाळला. न्यायालयाच्या कक्षेत हे योग्यच होते. शैली समान असताना कृती भिन्न का ठरतात, हे सांगणे समीक्षेचे काम आहे.

याच निकषावर 'सेन्सेशन' या प्रदर्शनाचाही विचार करता येईल. १९९७ साली रॉयल अकॅडमीत भरलेल्या या प्रदर्शनातील कृती चार्ल्स साची यांच्या संग्रहातल्या होत्या. 'सिल्क कट'च्या मागे ज्यांची संस्था होती, त्यांनीच या पिढीला आश्रय दिला. म्हणून ही कला म्हणजे जाहिरातच, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो मला घाईचा वाटतो. आश्रयदात्यावरून कृतीचे मूल्य ठरत नाही. ते कृतीतूनच शोधावे लागते. साची यांनीच करवून घेतलेली डेमियन हर्स्ट यांची १९९१ ची कृती घेऊ. फॉर्माल्डिहाइडच्या टाकीत ठेवलेला शार्क, आणि शीर्षक असे की जिवंत माणसाच्या मनाला मृत्यू शरीरतः अशक्य वाटतो. शीर्षकात शार्कचा उल्लेख नाही. ते अमूर्त विधान समोरच्या जबड्याशी जुळत नाही आणि सुटतही नाही. म्हणून ही कृती आपल्या प्रसिद्धीला पुरून उरते. त्याच कलावंताची रंगीत ठिपक्यांची चित्रे मात्र एका दृष्टिक्षेपात ओळखली जातात आणि ओळख पटताच संपतात. त्यांचे नाते चिरलेल्या रेशमाशी अधिक जवळचे आहे. एकाच हाताची दोन कामे सीमारेषेच्या दोन बाजूंना पडू शकतात, हे या उदाहरणाने दिसून येते.

तेव्हा ही सीमारेषा माध्यम, संस्था, पैसा किंवा शैली यांपैकी कशावरही ठरत नाही. शब्द आणि प्रतिमा यांच्यातील व्यवहार कोठे जाऊन थांबतो, यावर ती ठरते. तंबाखूच्या फलकांवर ब्रिटनने २००२ च्या कायद्यान्वये बंदी घातली, ती २००३ च्या फेब्रुवारीत अमलात आली आणि तो जांभळा फलक इतिहासजमा झाला. त्याची वाचनपद्धती मात्र आपल्या पदव्युत्तर वर्गांत रुजली आहे. चिन्हांची उकल करणे ही अर्थातच समीक्षेची आवश्यक पायरी आहे. परंतु सर्व संहिता सारख्याच समृद्ध असल्याचे दाखवून देणारी समीक्षा मूल्यनिर्णयाची जबाबदारी टाळते, आणि ती टाळल्यावर व्हिक विल्कॉक्सच्या शंकेला तिच्याकडे उत्तर उरत नाही. कूट आणि ध्वनी हा भेद आपल्या परंपरेने फार पूर्वी केलेला आहे. दृश्यसंस्कृतीच्या अभ्यासात तो वापरून पाहण्यास आता हरकत नसावी.