कंत्राटी उड्डाणे आणि कराराची सीमारेषा : ‘फ्लाइंग चीप’ या माहितीपटाची समीक्षा

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत नेवार्कहून बफेलोकडे निघालेले विमान उतरण्यापूर्वीच कोसळले आणि पन्नास व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. विमानावरील नाव कॉन्टिनेन्टलचे होते. वैमानिक मात्र कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे नोकर होते. पीबीएसच्या ‘फ्रंटलाइन’ मालिकेतील ‘फ्लाइंग चीप’ हा माहितीपट फेब्रुवारी २०१० मध्ये याच विसंगतीवर प्रसारित झाला. त्याचे सामर्थ्य व मर्यादा यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अधिकृत चौकशीने अपघाताचे कारण निश्चित केले ते असे : विमानाची उचल संपत असल्याचा इशारा मिळताच कप्तानाने चुकीची कृती केली. माहितीपट या निष्कर्षापाशी थांबत नाही. सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, प्रवास करून कामावर आली होती. अल्प वेतन, थकवा व अपुरे प्रशिक्षण हे व्यक्तिगत दोष नसून व्यवस्थेचे घटक आहेत, ही त्याची मांडणी निःसंशय मोलाची आहे.

तथापि त्याचा मुख्य रोख कंपन्यांची काटकसर आणि सरकारी देखरेख यांवर आहे. कामगार कराराची बाजूही तितकीच तपासावयास हवी. १९७८ मध्ये विमानसेवा नियंत्रणमुक्त झाल्यानंतर मोठ्या कंपन्या लहान मार्ग भागीदारांकडे सोपवू लागल्या. आपले काम हिरावले जाईल या भीतीने वैमानिक संघटनांनी करारात ‘स्कोप क्लॉज’, म्हणजे व्याप्तीचे कलम, आग्रहाने राखले. बाहेर देता येणाऱ्या विमानांची आसने, वजन व संख्या हे कलम ठरविते. कॉन्टिनेन्टलच्या करारात भागीदारांच्या जेट विमानांना पन्नास आसनांची मर्यादा होती. पंख्याच्या विमानांना ती लागू नव्हती. अपघातग्रस्त क्यू-४०० हे चौऱ्याहत्तर आसनांचे, पंख्याचेच विमान होते. कराराने मोकळ्या ठेवलेल्या वाटेनेच ते या सेवेत आले होते.

या कलमाला केवळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल. ते नसते तर आणखी कितीतरी काम बाहेर गेले असते. परंतु त्याने आसने मोजली. सीमेपलीकडच्या वैमानिकाचे वेतन, विश्रांती व प्रशिक्षण मोजले नाही. अनेक प्रादेशिक वैमानिक त्याच संघटनेचे सभासद असल्याने ही उणीव अधिकच खटकते.

पुढील घटनाक्रम याच दिशेने जातो. २०१२ च्या डेल्टा करारात पन्नास आसनी विमाने घटविण्याच्या बदल्यात शहात्तर आसनी विमानांची मुभा वाढविण्यात आली. २०१९ मध्ये युनायटेडच्या सेवेत सीआरजे-५५० आले : सांगाडा सत्तर आसनी वर्गाचा, आसने मात्र पन्नास. कलमाच्या चौकटीत बसावे म्हणून विमानच बेतले गेले. अपघातानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकासाठीही साधारणतः १,५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट आली. २०२२ मध्ये प्रादेशिक वेतनात मोठी वाढ झाली, ती मुख्यतः वैमानिकांच्या टंचाईमुळे. व्याप्तीच्या कलमामुळे नव्हे.

जबाबदारी कोणाची, हा माहितीपटाचा प्रश्न म्हणूनच करारालाही विचारला पाहिजे. ज्या कंपनीच्या नावाने तिकीट विकले जाते, तिच्या करारातील किमान वेतन, विश्रांती व प्रशिक्षण भागीदाराच्या वैमानिकालाही लागू झाले, तर काम बाहेर देण्यामागील स्वस्ताईचे प्रलोभनच पुष्कळसे ओसरेल. आसनसंख्येची सीमा ते साधू शकलेली नाही.