अद्भुतकथेतील नायक आणि वाचकाचे तादात्म्य

अद्भुतरम्य कथेतील नायकावर वाचक लुब्ध होतो तो इच्छापूर्तीच्या ओढीने, असे सामान्यतः मानले जाते. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील फ्रोडोच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे पडते. जी अंगठी नष्ट करण्यासाठी तो निघतो, तिच्यावरच अखेरच्या क्षणी, अग्निपर्वताच्या गर्भात, तो स्वतःचा हक्क सांगतो. गॉलम त्याचे बोट चावून तोडतो आणि अंगठीसह अग्नीत कोसळतो. कार्य सिद्धीस जाते, पण नायकाच्या पराक्रमाने नव्हे. मग वाचकाचे प्रेम कशावर जडते?

साधारणीकरणात व्यक्तिविशेष लोपतो असे मानले, तर केसाळ पावलांचा हा हॉबिट त्याच्या वेगळेपणासह मनात का राहतो, हे उलगडत नाही. न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ येथे अधिक उपयोगी ठरते. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतानाही वाचक स्वत्वाचे भान राखतो. अद्भुतकथेत तर हे भान सुटणे जवळजवळ अशक्यच. परिस्थितीचे साम्य नसल्यामुळे तादात्म्याला एकच आधार उरतो : ओझे वाहताना झिजत जाणारी इच्छाशक्ती. गॉलमला मारण्याची संधी असूनही फ्रोडोने त्याला जीवदान दिलेले असते, आणि ती करुणाच शेवटी कार्य तारते. वाचक प्रेम करतो ते या करुणेवर आणि या पराभवावर. अद्भुतकथेला सरसकट पलायनवादी ठरवणाऱ्या समीक्षेला या पराभवाचा अर्थ लावावाच लागेल.