आपला अंदाज कुठे चुकतो?
‘सैराट’च्या निमित्ताने

पुस्तक वाचून झाले किंवा चित्रपट पाहून झाला की आपण एकमेकांना विचारतो, “कसा वाटला?” वर्गात मात्र आपला प्रश्न बदलतो. तिथे आपण मुलांना विचारतो, “यातून काय बोध घेतला?” पहिल्या प्रश्नाला “छान” किंवा “कंटाळवाणा” एवढे उत्तर पुरते. दुसऱ्याचे उत्तर मार्गदर्शकात छापलेलेच असते. या दोन्हींच्या मधला एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही: “पुढे काय होईल असे तुला वाटले होते, आणि तसे का वाटले?” वाचकाच्या आणि प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा विचार करायचा तर सुरुवात या तिसऱ्या प्रश्नापासून करावी, असे आम्हाला वाटते.

प्रकार म्हणजे अंदाज

रहस्यकथेच्या पहिल्या पानावर प्रेत सापडते. आपण रडत नाही; उलट खुर्चीत सावरून बसतो. तेच मरण एखाद्या कौटुंबिक कादंबरीच्या मध्यावर आले, तर डोळे भरून येतात. विनोदी चित्रपटात माणूस घसरून पडला की आपण हसतो. माहितीपटात तोच पडला तर चुकचुकतो. घटना एकच, प्रतिसाद वेगवेगळा. कारण आपण कोऱ्या मनाने वाचत किंवा पाहत नाही. मुखपृष्ठ, जाहिरात, गाणी आणि पहिली दहा मिनिटे यांवरून ‘हे कशा प्रकारचे आहे’ हे आपण ठरवून टाकतो, आणि पुढचे सगळे त्या चौकटीत बसवत जातो. कथा-चित्रपटांचे प्रकार म्हणजे कपाटातले कप्पे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात प्रकार म्हणजे वाचकाने बांधलेला अंदाज. विज्ञानाच्या भाषेत त्याला गृहीतक म्हणता येईल.

गृहीतकाची गंमत अशी, की त्याला जुळणारा पुरावा आपल्याला चटकन दिसतो आणि न जुळणारा डोळ्यांसमोर असूनही निसटतो. प्रयोगशाळेत हे घडते तसेच चित्रपटगृहातही घडते. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे.

करमाळ्याची प्रेमकथा

नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींहून अधिक गल्ला जमवणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याचा शेवट सांगितल्याशिवाय पुढची चर्चा करता येणार नाही. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग हा लेख वाचावा.

पूर्वार्धात हिंदी-मराठी प्रेमपटांनी आपल्याला शिकवलेले सारे काही आहे. क्रिकेटचा सामना आहे, विहीर आहे, उसाची शेते आहेत, चिठ्ठ्या पोचवणारे मित्र आहेत, अजय-अतुल यांचे संगीत आहे. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलांची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परशा. श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा, चिडलेला बाप. आपण निवांत होतो. वाट ओळखीची आहे: थोडा त्रास होईल, पळून जातील, शेवटी सगळे गोड होईल.

उत्तरार्धात ही वाट हळूहळू बदलते. गाणी थांबतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत पाणी, संडास, भाडे आणि भूक यांचे प्रश्न उभे राहतात. आपला लाडका नायक संशयाने पेटून नायिकेवर हात उचलतो. मग संसार सावरतो, मूल होते, आणि आपला जुना अंदाज पुन्हा डोके वर काढतो. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची चहा करते. नंतर शेजारीण मुलाला दाराशी सोडून जाते. ते तान्हे आत जाते, आईबापांना पाहते आणि रडत बाहेर येते. त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे जमिनीवर उमटत जातात. पडद्यावर आवाज नाही. संगीत नाही. मुलाचे रडणेही ऐकू येत नाही.

हा शेवट म्हणजे प्रेक्षकाची केलेली फसवणूक, असा एक आक्षेप आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. फसवणूक असती तर शेवटाचा मागमूस आधी कुठेच सापडला नसता. चित्रपट दुसऱ्यांदा पाहा. आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिरतो आणि दलित कवितेविषयी शिकवणाऱ्या सरांच्या मुस्काटात मारतो. त्याला कोणी जाब विचारत नाही. परशाच्या बापाला पंचांसमोर आपल्या हातांनी स्वतःचे थोबाड झोडून घ्यावे लागते. मित्रांना मार बसतो. शेवटाचे सगळे पुरावे मांडलेले आहेत. आपण ते पाहिले. पण आपल्या गृहीतकात ‘खलनायकाचे ठरावीक वागणे’ या नावाखाली त्यांची नोंद केली आणि पुढच्या गाण्याची वाट पाहिली.

आमच्या मते ‘सैराट’ची खरी ताकद इथे आहे. शिक्षकाला बसलेल्या थपडेकडे प्रेक्षकाने जसे दुर्लक्ष केले, तसेच समाजही करत असतो. चित्रपट संपल्यावर आपल्याला कळते की आपण तीन तास नेमके काय पाहायचे नाकारत होतो. प्रकाराचा अंदाज चुकवून प्रेक्षकाला धक्का देणे सोपे आहे. तो अंदाज का चुकला हे त्यालाच शोधायला लावणे अवघड आहे.

प्रतिसाद मोजता येतो का?

आमचा व्यवसाय मोजमापाचा असल्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर: काही अंशी येतो.

जर्मनीतल्या माइन्झ येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या रसायनशास्त्रज्ञांनी चित्रपटगृहातून बाहेर जाणाऱ्या हवेचे पृथक्करण केले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ चित्रपट, १०८ खेळ. त्यांना आढळले की ठरावीक प्रसंगी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन यांचे प्रमाण बदलते, आणि तोच चित्रपट वेगळ्या प्रेक्षकांना दाखवला तरी त्याच जागी बदलते. उत्कंठेच्या आणि विनोदाच्या प्रसंगांच्या खुणा सर्वांत ठळक होत्या. श्वास रोखणे हा नुसता वाक्प्रचार नाही, हे यावरून दिसते.

त्याआधी २००८ साली उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूतील हालचाली एकमेकींशी किती जुळतात ते पाहिले. हिचकॉकच्या दूरदर्शन-मालिकेतला एक भाग पाहताना मेंदूच्या बाह्यपटलाच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात मेळ आढळला. एका विनोदी मालिकेसाठी तो १८ टक्के होता. बागेत कॅमेरा नुसता ठेवून केलेल्या, संकलन न केलेल्या चित्रीकरणासाठी ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे उत्कंठापटाचा दिग्दर्शक आपली नजर आणि लक्ष घट्ट पकडून नेतो. नुसता वाहता रस्ता दाखवला तर प्रत्येकजण आपापले पाहतो. पण मेळ अधिक म्हणजे कलाकृती श्रेष्ठ, असा अर्थ यातून निघत नाही. संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग २०१७ सालचा. जे. डी. सॅलिंजर यांच्या एका कथेचे ध्वनिमुद्रण दोन गटांना ऐकवले. एका गटाला आधी सांगितले होते की कथेतली बायको नवऱ्याला फसवते आहे. दुसऱ्याला सांगितले की नवरा विनाकारण संशयी आहे. शब्द तेच होते. तरी मेंदूच्या काही भागांत दोन्ही गटांचे प्रतिसाद इतके वेगळे निघाले, की त्यांवरून कोण कोणत्या गटातले हे ओळखता येत होते. आधी मिळालेल्या एका वाक्याने एवढा फरक पडतो. मग वर्षानुवर्षांचे चित्रपट, घर आणि जात यांनी दिलेली पूर्वकल्पना किती फरक पाडत असेल?

कोण पाहतो आहे?

या प्रश्नाचे एक साधे उत्तर आम्हाला सोलापुरातच मिळते. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. इथून पूर्व भागाकडे गेले की विणकर वस्तीत तेलुगू कानावर पडते. शहरात कन्नड आणि उर्दूही आहे. ‘सैराट’मधली आर्ची हैदराबादला पोचते तेव्हा भोवतालची तेलुगू तिला कळत नाही. ज्या मराठी प्रेक्षकाला ती कळत नाही, तो आर्चीइतकाच बावरतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरच्या प्रेक्षकाला मात्र आर्चीला न कळलेले कळते. तो क्षणभर तिच्या बाजूचा राहत नाही. त्या शहराचा होतो. पडदा एकच, पण जागा दोन.

भाषेचे हे जातीलाही लागू आहे. प्रिन्सची थप्पड कोणाला विनोदी प्रसंगासारखी वाटते आणि कोणाला ती स्वतःच्या गालावर जाणवते, हे कोण पाहतो आहे यावर ठरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड दोघांचा सारखाच वाढेल. त्याचा अर्थ सारखा नसेल. मोजमापाची मर्यादा इथे येते.

रडायला शिकवणारे पुस्तक, न शिकवणारा चित्रपट

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची (१९३५) रचना आठवा. श्याम रात्रीमागून रात्री आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. ऐकणारे पुस्तकातच बसलेले आहेत, आणि तेही गहिवरतात. म्हणजे कसा प्रतिसाद द्यावा हे पुस्तक वाचकाला आतूनच दाखवते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटात हेच काम अभिनय आणि संगीत करतात. यात गैर काही नाही; पण या अश्रूंत एक आश्वासनही असते: रडलो, म्हणजे आपण चांगले आहोत.

‘सैराट’च्या शेवटी असा सोबती कुणी नाही. पाहणारे आहे ते एक न कळते मूल. संगीतही काढून घेतलेले. काय वाटून घ्यायचे हे सांगणारे कुणीच उरत नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही, आणि या दुहेरीपणातून आनंद होतो. ‘सैराट’चा पूर्वार्ध या व्याख्येत चपखल बसतो. शेवटच्या शांततेत समाधी मोडते आणि फक्त स्वतःचे भान उरते.

एक गोष्ट मात्र चित्रपटाच्या विरुद्धही नोंदवायला हवी. पूर्वार्ध इतका मोहक आहे की तो शेवटापासून तोडून वेगळा नेता येतो. ‘झिंगाट’ लग्नाच्या वरातीत वाजते आणि नाचणाऱ्यांना त्या पावलांची आठवण येत नाही. २०१८ सालच्या ‘धडक’ या हिंदी रूपांतरात गाणे राहिले, जातीचा प्रश्न पुसट झाला आणि शेवटही बदलला. त्याआधीच्या ‘फँड्री’त (२०१३) मंजुळे यांनी असा कोणताच गोडवा ठेवला नव्हता. तिथे शेवटचा दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तोडून नेण्यासारखे त्यात काही नाही. पण तो पाहणारेही पुष्कळ कमी होते. ही किंमत दोन्ही बाजूंनी आहे.

वर्गात काय करावे?

चांगले साहित्य वाचले की माणूस दुसऱ्याचे मन ओळखू लागतो, असे आपण सांगत असतो. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये तसा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: वाङ्मयीन कथांचे उतारे वाचणाऱ्यांना नुसत्या डोळ्यांच्या छायाचित्रांवरून भावना अधिक चांगल्या ओळखता आल्या. त्याची फार चर्चा झाली. २०१८ साली ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले असे २१ सामाजिक प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले. त्यांपैकी १३ टिकले. हा त्यांत नव्हता. एक उतारा वाचून सहानुभूती वाढत असेल, या भरवशावर राहू नये. वाचनाचे गुण लसीसारखे टोचता येत नाहीत.

म्हणून एक साधा उपक्रम सुचवतो. पाठ्यपुस्तकातली, मुलांनी आधी न वाचलेली कोणतीही कथा घ्या. दोन-तृतीयांश वाचून थांबा. प्रत्येकाने कागदावर लिहावे: पुढे काय होईल, आणि कोणत्या वाक्यावरून असे वाटते. मग कथा पूर्ण वाचा. ज्यांचा अंदाज चुकला त्यांनी मागे जाऊन, आपल्या नजरेतून सुटलेले वाक्य शोधावे. ज्यांचा बरोबर आला त्यांनी तो कशावरून केला ते सांगावे. एखाद्या मुलीला एखादा प्रसंग इतरांच्या आधी कळला असेल, तर का कळला हे ऐकून घ्यावे. सांगण्याची सक्ती मात्र करू नये. अकरावी-बारावीच्या मुलांशी ‘सैराट’वरही अशी चर्चा करता येईल, आणि तिची सुरुवात सरांना बसलेल्या थपडेपासून करावी. तेव्हा तुम्ही हसलात का, की गप्प झालात?

या प्रश्नाला बरोबर किंवा चूक असे उत्तर नाही, म्हणून त्याला गुण देता येत नाहीत. पण गृहीतक बांधणे, पुरावा पाहणे, न जुळणारा पुरावा का निसटला हे शोधणे, ही तर विज्ञानाच्या तासाची रीत. ती भाषेच्या तासाला नेली तर मुले पुस्तकाबरोबर स्वतःलाही वाचू लागतील.